दूरच्या नेटवर्क केंद्रासाठी बॅटरी बॅकअप कसा निवडावा

डोंगरमाथ्यावरचा रिले, फायबरच्या मार्गावरची एवढीशी खोली, किंवा वस्तीपासून दूर उभ्या असलेल्या मनोऱ्यावरचे दोन रेडिओ अशा ठिकाणी बॅटरी बसवायची म्हटले की पहिला प्रश्न हमखास "किती अँपिअर-तासांची घ्यावी" हा येतो. माझ्या मते त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: बिघाड झाल्यावर तिथे माणूस पोहोचायला किती वेळ लागतो, आणि बॅटरी पूर्ण उतरून वीज परत आली तर केंद्र कोणाचाही हात न लागता सुरू होते का? या दोन प्रश्नांची उत्तरे हाती असली की बाकीची निवड बरीच सोपी होते. ती नसतील तर महागातले महाग साहित्य घेऊनही केंद्र बंद पडायचे ते पडतेच.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मला अनुभवाने कळले. एका रिले-केंद्रावर मी कार्यालयात वापरतात तसलाच एक यूपीएस बसवला होता. काही महिन्यांनी तिथे रात्रभर वीज गेली, बॅटरी संपली, पहाटे वीज आली, पण केंद्र काही उठले नाही. तिथे पोहोचलो तेव्हा सॉकेटमध्ये वीज होती, यूपीएसवर एक दिवा लुकलुकत होता, आतली बॅटरीही चार्ज होत होती. फक्त पुढचा पुरवठा सुरू करण्यासाठी तो यूपीएस समोरच्या बटणाची वाट पाहत थांबला होता. बटण दाबल्यावर दोन मिनिटांत सगळे रेडिओ जोडले गेले. त्या एका बटणासाठी जाण्यायेण्यात पूर्ण दिवस गेला आणि त्या केंद्रावर विसंबलेले लोक तोवर जोडणीवाचून राहिले. तेव्हापासून कोणत्याही यूपीएसच्या माहितीपत्रकात मी सर्वप्रथम "वीज परत आल्यावर आपोआप सुरू होणे" ही सोय शोधतो, आणि ती लिहिलेली असली तरी साहित्य केंद्रावर नेण्यापूर्वी टेबलावर बॅटरी पूर्ण उतरवून स्वतः पडताळून पाहतो.

लोड मोजावा, अंदाज करू नये

लोड म्हणजे सर्व उपकरणे मिळून घेत असलेली वीज. उपकरणाच्या पाठीवर छापलेला वॉटचा आकडा हा त्याचा कमाल किंवा त्याच्या अडॅप्टरच्या क्षमतेचा आकडा असतो. २४ वॉटचा अडॅप्टर असलेला राउटर प्रत्यक्षात ९ ते ११ वॉटच घेत असेल, तर छापील आकड्यांची बेरीज करून केलेला हिशोब दुपटीने फुगतो. उलट बाजूनेही चूक होते: रात्री इन्फ्रारेड दिवे लावणारा कॅमेरा, थंडीत आपला हीटर चालू करणारे उपकरण आणि उन्हाळ्यात फिरणारा पंखा हे सगळे दुपारी पाच मिनिटे मोजलेल्या लोडमध्ये दिसत नाहीत. म्हणून सर्व साहित्य जोडून, त्यावरून खरी वाहतूक चालू ठेवून, किमान २४ तासांची ऊर्जा वॉट-तासांत मोजणारा मीटर लावावा, आणि सरासरी व कमाल असे दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. सरासरीवरून बॅटरी ठरते. केबल, फ्यूज आणि कन्व्हर्टर मात्र कमाल आकड्यावरून ठरतात.

नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या, म्हणजे पीओई उपकरणांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ८०२.३एएफ मानकानुसार स्विच एका पोर्टवर १५.४ वॉटपर्यंत, ८०२.३एटीनुसार ३० वॉटपर्यंत आणि ८०२.३बीटीनुसार ९० वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. हे पोर्टच्या मर्यादेचे आकडे आहेत, प्रत्यक्ष वापराचे नव्हेत. रेडिओ ९ वॉट घेत असेल तर हिशोबात ९ वॉट आणि केबलमधील थोडा तोटा एवढेच धरावे.

याच वेळी लोडचे दोन गट पाडावेत. ज्याच्यावाचून जोडणी तुटते तो राउटर, मुख्य दुव्याचा रेडिओ आणि देखरेखीचे उपकरण पहिल्या गटात. कॅमेरा, खोलीतला दिवा, ज्याच्यावाचून काही तास निभावता येईल असा जादा रेडिओ दुसऱ्या गटात. ही विभागणी पुढे फार उपयोगी पडते.

किती तास हवेत

विजेच्या खंडांची सरासरी काढून तास ठरवण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. सरासरी खंड दोन तासांचा असेल तर तीन तासांची बॅटरी पुरेल असे वाटते. पण केंद्र बंद पडते ते सरासरी दिवशी नव्हे, तर वादळाच्या रात्री, जेव्हा वीजही जाते आणि रस्ताही. विचार असा करावा: खंड झाल्याची सूचना मिळायला लागणारा वेळ, माणूस आणि वाहन सज्ज व्हायला लागणारा वेळ, प्रवासाचा वेळ, आणि रात्री तिथे जाणे शक्य नसेल तर उजाडेपर्यंतचा वेळ यांची बेरीज करावी. रात्री आठला वीज गेली आणि पहाटे सहाआधी निघता येत नसेल, तर दोन तासांच्या वाटेवरच्या केंद्राला १२ तासांहून कमी बॅकअप ठेवण्यात अर्थ नाही. याउलट रस्त्यालगतच्या, अर्ध्या तासात जनरेटर नेता येईल अशा केंद्राला चार तासही पुरेसे ठरू शकतात. जिथे ग्रिडची वीजच नाही आणि सौर पॅनेलवर काम चालते तिथे हिशोब तासांचा न राहता ढगाळ दिवसांचा होतो. सलग तीन ते पाच दिवस ऊन नसले तरी निभावेल एवढी बॅटरी धरणे ही सर्वसाधारण रीत आहे, आणि तिथे बॅटरीइतकेच लक्ष पॅनेल तिला पुन्हा भरू शकते की नाही याकडे द्यावे लागते.

एसी यूपीएस की थेट डीसी

नेटवर्कची बहुतेक उपकरणे आत डीसीवरच चालतात. एसी यूपीएस घेतला तर बॅटरीच्या डीसीपासून इन्व्हर्टरने एसी तयार होते आणि उपकरणाचा अडॅप्टर ते पुन्हा डीसी करतो. दोन्ही पायऱ्यांवर ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ५० वॉटच्या लोडवर एक केव्हीएचा यूपीएस बसवला तर त्याचा स्वतःचाच वापर २०-३० वॉट असू शकतो, म्हणजे बॅटरीचा तिसरा हिस्सा कोणाच्याही कामाला न येता संपतो. म्हणून छोट्या आणि मध्यम केंद्रांसाठी ४८ व्होल्ट डीसीची रचना, म्हणजे एसीचे डीसी करून बॅटरी भरणारा रेक्टिफायर, बॅटरी बँक (एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच) आणि डीसी वितरण पट्टी, ही मला स्पष्टपणे सरस वाटते. दूरसंचार क्षेत्रात उणे ४८ व्होल्टची पद्धत जुनी आणि सर्वमान्य आहे. तिच्यात धन टोक अर्थ केलेले असते, कारण त्यामुळे तांब्याच्या केबलींची विद्युत-रासायनिक झीज कमी होते. मात्र प्रत्येक उपकरण उणे ४८ व्होल्टसाठी बनलेले नसते, आणि ज्याचे ऋण टोक आतून धातूच्या पेटीला जोडलेले आहे असे उपकरण या रचनेत तसेच जोडले तर शॉर्ट सर्किट होते. अशा उपकरणासाठी विलग प्रकारचा, म्हणजे ज्याच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये थेट विद्युत जोडणी नसते असा, डीसी-डीसी कन्व्हर्टर मध्ये घ्यावा.

१२ व्होल्टची रचना स्वस्त वाटते खरी, पण तेवढ्याच वॉटसाठी तिच्यात प्रवाह चौपट होतो आणि त्याच केबलमधला तोटा सोळापट. बॅटरीपासून उपकरण दोन-चार मीटरवर असेल तर १२ व्होल्ट चालून जाईल. मनोऱ्यावर ३० मीटर वर जायचे असेल तर त्याचा विचारही करू नये.

एसीवरच चालणारे एखादे उपकरण टाळता येत नसेल तर त्याच्यापुरता छोटा इन्व्हर्टर घ्यावा. पूर्ण एसी यूपीएसच घ्यायचा झाला, तर तो शुद्ध साइन वेव्ह देणारा, बाहेरून बॅटरी जोडता येणारा आणि इनपुट व्होल्टेजची रुंद मर्यादा सोसणारा असावा. ही मर्यादा अरुंद असली की कमी-जास्त होणाऱ्या ग्रामीण पुरवठ्यावर, किंवा जनरेटरवर, यूपीएस वीज असतानाही वारंवार बॅटरीवर जातो आणि खरी वेळ येईपर्यंत ती अर्धी झालेली असते.

लेड-ॲसिड की लिथियम

आज निवड मुख्यतः दोन प्रकारांत होते: सीलबंद लेड-ॲसिड, म्हणजे व्हीआरएलए, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट. निकेल-कॅडमियम हा तिसरा प्रकार कडाक्याच्या थंडीत आणि उष्णतेत चिवट ठरतो, पण त्याची किंमत आणि कॅडमियमच्या विल्हेवाटीची जबाबदारी यांमुळे तो खास ठिकाणांपुरताच विचारात घ्यावा.

लेड-ॲसिडचा खरा शत्रू उष्णता आहे. सर्वसाधारण नियम असा की, निर्देशित तापमानापेक्षा दर १० अंश सेल्सिअसला आयुष्य निम्मे होते. "आयुष्य १० वर्षे" असे छापलेली बॅटरी २५ अंशांसाठी तसे सांगत असेल, तर सतत ४५ अंशांत ती अडीच वर्षांच्या आसपास थकते. आणि काही उत्पादक हे आयुष्य २० अंशांना सांगतात, म्हणून तो आकडा कोणत्या तापमानाचा आहे हे माहितीपत्रकाच्या तळटिपेत पाहूनच तुलना करावी. एका केंद्रावर पत्र्याची बंद पेटी दुपारी उघडली तेव्हा चारही बॅटऱ्यांच्या बाजू फुगून एकमेकींना इतक्या घट्ट चिकटल्या होत्या की एकही बाहेर ओढता येईना. बाहेर हवा ३६ अंश होती; पेटीतल्या तापमापकाने ५७ दाखवले. त्या बॅटऱ्या खराब निघाल्या नव्हत्या. पेटी पश्चिमेला तोंड करून, सावलीविना आणि गडद रंगात उभी केली होती, आणि चार्जर तापमान पाहून व्होल्टेज कमी करणारा नव्हता.

लेड-ॲसिडची दुसरी अडचण अपुऱ्या चार्जिंगची. तिचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. दिवसातून तीन-चार वेळा वीज जाणाऱ्या ठिकाणी ती कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते, आणि वर्षभरात क्षमता ढासळते. अशा ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट निर्विवादपणे चांगले: ते अर्धवट भरलेल्या स्थितीत राहिल्याने बिघडत नाही, वजनाने बरेच हलके असते, आणि काही हजार वेळा उतरून-भरूनही टिकते. डोंगरावर पाठीवरून साहित्य न्यायचे असेल तर वजनाचा मुद्दा एकटाच निर्णय ठरवून टाकतो.

तरीही लिथियमच्या बाबतीत तीन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली, ० अंशांखाली त्याचे चार्जिंग करता येत नाही; तसे केल्यास सेलमध्ये धातुरूप लिथियम साचून कायमची हानी होते. थंड प्रदेशात आतच हीटर असलेला पॅक घ्यावा आणि त्या हीटरची ऊर्जा हिशोबात धरावी. दुसरी, त्याचे व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहते आणि शेवटी एकदम कोसळते, त्यामुळे केवळ व्होल्टेज पाहून किती चार्ज उरला ते कळत नाही; आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून उरलेला चार्ज सांगणारी सोय हवी. तिसरी आणि दूरच्या केंद्रासाठी सर्वांत महत्त्वाची: पॅकमधली बीएमएस, म्हणजे संरक्षण करणारी यंत्रणा, बॅटरी फार उतरली की पॅक तोडून टाकते. काही पॅक टोकांवर चार्जरचे व्होल्टेज आले की जागे होतात. पण चार्जरच जर बॅटरीचे व्होल्टेज दिसल्याशिवाय पुरवठा सुरू करत नसेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात आणि वीज असूनही केंद्र मृत राहते. पॅक आणि चार्जर एकत्र तपासूनच घ्यावेत. सुरक्षेसाठी पॅकला आयईसी ६२६१९ आणि वाहतुकीसाठी यूएन ३८.३ या चाचण्यांची प्रमाणपत्रे असावीत, आणि ती मागून पाहावीत.

जिथे वीज क्वचित जाते, खोली थंड आणि हवेशीर आहे, आणि वजनाची अडचण नाही, तिथे लेड-ॲसिड आजही योग्य निवड आहे. केवळ जुने तंत्र म्हणून ते नाकारू नये.

आकार ठरवण्याचा हिशोब

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. राउटर ११ वॉट, पीओई स्विच स्वतः १४, दोन रेडिओ प्रत्येकी ९ आणि कॅमेरा ७, असा मोजलेला लोड ५० वॉट आहे, आणि १२ तास हवेत. ५० गुणिले १२ म्हणजे ६०० वॉट-तास. कन्व्हर्टर आणि केबल मिळून १० टक्के ऊर्जा जाते असे धरल्यास बॅटरीतून ६६७ वॉट-तास निघावे लागतात.

आता लेड-ॲसिडचा विचार करू. बॅटरी ८० टक्के क्षमतेवर आली की ती बदलावी असा प्रघात आहे, आणि हवे ते तास तिच्या शेवटच्या दिवशीही मिळायला हवेत. म्हणून ६६७ ला ०.८० ने भागले की ८३४ येतात. हिवाळ्यात पेटीत ५ अंश असतील तर क्षमता सुमारे ८५ टक्केच मिळते असे धरून भागल्यास ९८१ होतात. बॅटरी दर वेळी ८० टक्क्यांपेक्षा जास्त उतरू द्यायची नाही असे ठरवल्यास १,२२६, आणि उद्या जोडल्या जाणाऱ्या उपकरणांसाठी १० टक्के राखीव ठेवल्यास सुमारे १,३५० वॉट-तास. ४८ व्होल्टने भागल्यास २८ अँपिअर-तास. बाजारात मिळणारा पुढचा मोठा आकार घ्यावा; लहान आकाराकडे झुकण्याचा मोह टाळावा.

हाच हिशोब लिथियम आयर्न फॉस्फेटसाठी, वयाचे तेच ०.८०, ९० टक्के उतरण्याची मुभा, थंडीसाठी ०.९ आणि तेच १० टक्के राखीव धरून केला तर सुमारे १,१३० वॉट-तास, म्हणजे ५१.२ व्होल्टच्या पॅकसाठी २२ अँपिअर-तास येतात. लिथियम घेतले की निम्मी बॅटरी पुरते असे सर्रास सांगितले जाते. सावकाश उतरणाऱ्या नेटवर्क लोडच्या बाबतीत ते खरे नाही, हे या दोन आकड्यांवरून दिसेल. फरक मोठा होतो तो बॅटरी तास-दोन तासांत संपवायची असेल तेव्हा. लेड-ॲसिडची छापील क्षमता १० किंवा २० तासांत उतरवण्यावर आधारित असते. तीच बॅटरी तासाभरात उतरवली तर छापील आकड्याच्या साधारण ६० टक्केच हाती लागतात. म्हणून क्षमतेपुढे सी१० लिहिले आहे की सी२० हे पाहिल्याशिवाय दोन बॅटऱ्यांची तुलना करू नये, आणि उत्पादकाच्या तक्त्यात आपल्याला हव्या त्या तासांचा रकाना शोधून त्यावरूनच निवड करावी. लेड-ॲसिड बँकेच्या आकाराची सविस्तर पद्धत आयईईई ४८५ या मानकात दिलेली आहे. मोठ्या केंद्रासाठी ती वापरावी.

चार्जर हा निम्मा बॅकअप असतो

बॅटरीवर पैसे खर्चून चार्जर जेमतेम घेणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. वीज परतल्यावर चार्जरने लोड पेलायचा असतो आणि त्याच वेळी बॅटरीही भरायची असते. समजा वरच्या उदाहरणासाठी ४० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बँक मिळाली. तिला क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ४ अँपिअरने भरायचे तर ५४ व्होल्टला २१६ वॉट लागतात, आणि लोड मिळवल्यास २७० वॉटच्या पुढे जावे लागते. तेव्हा ३०० वॉटपेक्षा लहान रेक्टिफायर घेऊ नये. आणि शक्य असेल तर निम्म्या-निम्म्या क्षमतेचे तीन मॉड्यूल घ्यावेत, म्हणजे एक बिघडले तरी काम अडत नाही.

४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड बँकेत २४ सेल असतात. २५ अंशांना प्रत्येक सेलला साधारण २.२५ ते २.२७ व्होल्ट, म्हणजे बँकेला ५४ ते ५४.५ व्होल्ट एवढे फ्लोट व्होल्टेज (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारे व्होल्टेज) लागते, आणि दर अंशाला प्रत्येक सेलमागे सुमारे ३ मिलिव्होल्टने ते उलट दिशेने बदलावे लागते. २४ सेलांसाठी हा बदल अंशाला ७२ मिलिव्होल्ट होतो; ४५ अंशांत व्होल्टेज जवळजवळ दीड व्होल्टने खाली यायला हवे. हे काम चार्जरने आपोआप करावे आणि त्याचा तापमान-सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवलेला असावा, चार्जरच्या पेटीत लोंबकळत ठेवलेला नसावा. लिथियम पॅक बसवताना मात्र ही तापमान-भरपाई आणि ठरावीक दिवसांनी व्होल्टेज वाढवणारे समीकरण-चार्जिंग, दोन्ही बंद करावीत. नाहीतर थंडीच्या रात्री चार्जर व्होल्टेज वाढवत नेतो आणि बीएमएस पॅक तोडते. जुन्या केंद्रावर लेड-ॲसिडच्या जागी लिथियम टाकणाऱ्यांकडून नेमके हेच राहून जाते.

तोडणे आणि पुन्हा जोडणे

बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की लोड तोडणारा स्विच, ज्याला एलव्हीडी म्हणतात, तो लेड-ॲसिडसाठी अत्यावश्यक आहे. प्रति सेल १.८० व्होल्ट, म्हणजे ४३.२ व्होल्ट ही नेहमीची मर्यादा आहे. दोन पातळ्यांचा एलव्हीडी घ्यावा: सुरुवातीला केलेल्या विभागणीतील दुसरा गट ४६-४७ व्होल्टला सुटतो आणि मुख्य दुवा त्यानंतरही बराच वेळ चालू राहतो.

लोड तुटताच बॅटरीचे व्होल्टेज आपोआप थोडे वर चढते. पुन्हा जोडण्याची पातळी तोडण्याच्या पातळीजवळ ठेवली असेल तर राउटर सुरू होतो, व्होल्टेज घसरते, पुन्हा बंद पडतो, आणि हा खेळ उपकरणाची मेमरी बिघडेपर्यंत चालू शकतो. म्हणून जोडण्याची पातळी ५१-५२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे खरोखर वीज परतून चार्जिंग सुरू झाल्यावरच गाठली जाईल अशी ठेवावी. लिथियमसाठी एलव्हीडी बीएमएसच्या पातळीच्या आधीच तुटेल असा लावावा, म्हणजे पॅक स्वतः बंद होण्याची वेळ सहसा येणार नाही.

पेटी, फ्यूज आणि वीज कोसळणे

पेटी फिक्या रंगाची, वरून दुहेरी छपराची आणि सावलीत असावी. सीलबंद लेड-ॲसिडही जास्त चार्ज झाल्यास हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांना पोहोचले की ते पेट घेऊ शकते. त्यामुळे बॅटरीचा कप्पा कधीही पूर्ण हवाबंद करू नये. बॅटऱ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवावे. गोठणाऱ्या प्रदेशात हेही लक्षात असावे की पूर्ण भरलेली लेड-ॲसिड उणे ५० अंशांतही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे १० च्या आसपासच गोठून फुटू शकते.

फ्यूज बॅटरीच्या टोकापासून शक्य तितका जवळ आणि डीसीसाठी प्रमाणित असाच घ्यावा. एसीचा प्रवाह दर चक्रात शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीत ते घडत नाही, म्हणून घरगुती एसी एमसीबी डीसी दोष तोडताना आतल्या आत जळत राहू शकतो. मनोरा असलेल्या ठिकाणी मनोऱ्याचे, विजेच्या मीटरचे आणि रॅकचे अर्थिंग एकमेकांना जोडून एकच करावे, आणि एसी इनपुट, डीसी बस व रेडिओकडून येणारी नेटवर्क केबल या तिन्ही वाटांवर सर्ज प्रोटेक्टर लावावेत. दोन वेगवेगळे अर्थिंग ठेवून त्यांच्यामध्ये आपली उपकरणे बसवणे हा वीज कोसळल्यावर सगळे एकाच वेळी गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

लांबून काय दिसले पाहिजे

किमान पाच गोष्टी दुरून कळाव्यात: मुख्य वीज आहे की नाही, बॅटरीचे व्होल्टेज, बॅटरीत जाणारा किंवा तिच्यातून बाहेर येणारा प्रवाह, बॅटरीचे तापमान आणि पेटीचे दार. वीज गेल्याची सूचना खंड सुरू होताच यायला हवी, कारण बॅटरी संपल्यावर येणारी सूचना ही सूचना नव्हे. एसएनएमपी या नेटवर्क-देखरेखीच्या प्रमाणित भाषेत बोलणारा कंट्रोलर असेल तर नेहमीच्या देखरेखीच्या प्रणालीत तो सहज बसतो. यूपीएससाठीची प्रमाणित एमआयबी, म्हणजे दुरून वाचता येणाऱ्या माहितीची ठरलेली यादी, १९९४ पासून आरएफसी १६२८ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात उपलब्ध आहे, आणि जो यूपीएस ती पाळतो त्याच्यासाठी उत्पादकाचे वेगळे सॉफ्टवेअर शोधत बसावे लागत नाही. कंट्रोलर स्वस्तातला असेल तर त्याने निदान ड्राय कॉन्टॅक्ट, म्हणजे सूचनेसाठी उघडझाप करणारा साधा स्विच-संपर्क, तरी द्यावा. हे देखरेखीचे उपकरण लोडच्या पहिल्या गटात आहे ना, हे पुन्हा एकदा पाहावे.

बसवून निघण्यापूर्वी

नव्या बॅटऱ्या एकाच तारखेच्या आणि एकाच मालिकेच्या असाव्यात. जुन्या बँकेत एकच नवी बॅटरी मिसळू नये, कारण जुन्या तिला लवकरच आपल्या पातळीवर ओढतात. गोदामात सहा महिन्यांहून अधिक काळ चार्ज न करता पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी स्वीकारू नये. सर्व लग (केबलच्या टोकाला बसवलेले धातूचे जोड) टॉर्क पान्याने उत्पादकाने सांगितलेल्या मापाला आवळावेत आणि पूर्ण लोडवर अर्ध्या तासाने प्रत्येक जोडावरचे तापमान पाहावे. शेजारच्या जोडांपेक्षा गरम लागणारा जोड सैल असतो.

त्यानंतर, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, मुख्य वीज हाताने बंद करावी आणि केंद्र खऱ्या लोडवर एलव्हीडी तुटेपर्यंत चालू द्यावे. यासाठी मुक्काम करावा लागला तरी करावा. किती तास मिळाले ते लिहावे, दुसऱ्या गटाचा लोड कोणत्या व्होल्टेजला सुटला ते लिहावे, मग वीज सुरू करून हात बाजूला ठेवून उभे राहावे आणि शेवटचा रेडिओ जोडला जाईपर्यंत कशालाही स्पर्श करू नये. कुठे बटण दाबावे लागले तर ते केंद्र अजून तयार नाही. सर्व आपोआप परतले की बॅटऱ्यांवरील निर्मितीची तारीख, बसवल्याची तारीख आणि मोजलेले तास न पुसल्या जाणाऱ्या पेनने कागदावर लिहून तो पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. दर वर्षी याच चाचणीचा नवा आकडा त्याच कागदावर खाली लिहीत जावे, आणि तो पहिल्या आकड्याच्या ८० टक्क्यांना टेकला की नव्या बँकेची मागणी त्याच आठवड्यात नोंदवावी.